लिनक्समधली थ्रेड लायब्ररी आणि कारखान्यातला जुना प्रोग्रॅम: नव्या सर्व्हरवर जाताना काय, कसं आणि कोणत्या क्रमानं तपासायचं

सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाचा आधार ३० जून २०२४ ला संपला. तरी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत किंवा चिंचोळीला एखाद्या टॉवेलच्या कारखान्यात गेलात, तर ऑफिसच्या कोपऱ्यात त्याच सेंटओएसवर चालणारा एखादा सर्व्हर अजून दिसतो. त्यावरचा प्रोग्रॅम कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला असतो. प्रत्येक मागासाठी एक थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्रॅमच्या आत स्वतंत्रपणे चालणारं एक काम, असतं. माग किती फिरला, कधी थांबला, ताणा तुटला म्हणून थांबला की बाणा संपला म्हणून, हे तो थ्रेड वाचतो आणि रांगेत टाकतो. दुसरा एक थ्रेड रांगेतल्या नोंदी डेटाबेसमध्ये लिहितो आणि तिसरा जॉबरसमोरच्या पडद्यावर लाल-हिरवे दिवे दाखवतो.

हा प्रोग्रॅम नव्या मशीनवर नेला की दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर तो सुरूच होत नाही, नाहीतर आठवडाभर नीट चालून एका रात्री गप्प बसतो. मग जो तो प्रोग्रॅमला नाहीतर नेटवर्कच्या वायरला दोष देतो. दोघांच्या मधल्या थराकडं, म्हणजे थ्रेड लायब्ररीकडं, कुणी बघत नाही. ही लायब्ररी आज चांगल्या स्थितीत आहे, पण गेल्या काही वर्षांत ती बरीच बदलली आहे आणि बहुतेक अडचणी त्या बदलांच्या सांध्यावरच सापडतात. कारखान्यांची सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या आणि इंजिनिअरिंगला ऑपरेटिंग सिस्टीम शिकणाऱ्या अशा दोघांसाठी मी हे लिहितो आहे.

कमांड इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत टाइप करायच्या. फंक्शनच्या नावांतली जोडरेघ म्हणजे अंडरस्कोर.

पहिलं काम: खाली कोणती लायब्ररी आहे ते बघा

जुन्या आणि नव्या, दोन्ही मशीनवर गेटकॉन्फ ही कमांड द्या आणि पुढं जीएनयू, लिबपीथ्रेड आणि व्हर्जन हे तीन शब्द मोठ्या अक्षरांत, मध्ये अंडरस्कोर घालून लिहा. सेंटओएस ७ वर उत्तर येतं एनपीटीएल २.१७, उबुंटू २२.०४ वर २.३५, डेबियन १२ वर २.३६ आणि उबुंटू २४.०४ वर २.३९. एनपीटीएल हे थ्रेड लायब्ररीचं नाव. पुढचा आकडा म्हणजेच जीलिबसीची, लिनक्सवरच्या नेहमीच्या सी लायब्ररीची, आवृत्ती, कारण थ्रेड लायब्ररी जीलिबसीचाच भाग आहे. तो वहीत लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक पायरीला लागणार आहे.

अल्पाइनच्या कंटेनरमध्ये हे उत्तर मिळणार नाही. तिथं जीलिबसी नसून मसल नावाची वेगळी सी लायब्ररी असते.

एनपीटीएल कुठून आली हे थोडक्यात सांगतो, कारण जुन्या कोडमधल्या काही विचित्र ओळी त्याशिवाय उलगडत नाहीत. लिनक्सवर आधी झेव्हियर लेरॉय यांची लिनक्सथ्रेड्स होती. तिच्यात प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र प्रोसेस नंबर मिळायचा, थ्रेड तयार करायला आणि आवरायला एक मॅनेजर थ्रेड लागायचा आणि सिग्नल पोझिक्स या युनिक्सच्या प्रमाण-नियमांप्रमाणं वागायचे नाहीत. तिला पर्याय म्हणून दोन प्रयत्न झाले. आयबीएमच्या बाजूनं एनजीपीटी आली. तिच्यात थोड्या कर्नल थ्रेडवर बरेच युजर थ्रेड बसवायचे होते. रेड हॅटमधल्या उलरिख ड्रेपर आणि इंगो मोलनार यांनी एनपीटीएल लिहिली, तिच्यात एका थ्रेडला एक कर्नल थ्रेड असा सरळ हिशोब. हीच टिकली. फ्युटेक्स नावाच्या कर्नलमधल्या सोयीमुळं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) मोकळा असेल तर कर्नलपर्यंत जावंच लागत नाही, आणि लॉक घेण्याचा वेग तिथून आला. थ्रेड तयार करणंही वेगवान झालं. ३२ बिट मशीनवर एक लाख थ्रेड सुमारे २ सेकंदांत सुरू झाले. आधीच्या पद्धतीनं त्याला १५ मिनिटांच्या आसपास लागली असती. २००३ च्या रेड हॅट लिनक्स ९ मध्ये एनपीटीएल लोकांच्या हातात आली आणि २००६ च्या जीलिबसी २.४ मधून लिनक्सथ्रेड्स काढून टाकली गेली.

तुमच्या कोडमध्ये थ्रेडची ओळख म्हणून गेटपीआयडीचं उत्तर साठवलेलं दिसलं, तर तो लिनक्सथ्रेड्सच्या काळाचा अवशेष आहे. आता सगळ्या थ्रेडना गेटपीआयडी एकच आकडा देतं. तिथं गेटटीआयडी वापरा. जीलिबसी २.३० पासून ते थेट उपलब्ध आहे.

दुसरं काम: बांधणी (बिल्ड) कुठं करायची

ऑगस्ट २०२१ मध्ये जीलिबसी २.३४ आली आणि लिबपीथ्रेड ही वेगळी फाइल मुख्य लिबसीमध्ये विलीन झाली. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून त्या नावाची फाइल अजून ठेवली आहे, पण तिच्यात काम करणारं काही उरलेलं नाही. बदल चांगलाच आहे. फक्त दोन ठिकाणी लोक त्यात अडकतात.

पहिलं ठिकाण कॉलेजच्या लॅबमधलं. विद्यार्थी घरी उबुंटू २२.०४ वर थ्रेडचा प्रोग्रॅम लिहितो, कंपाइल करताना पीथ्रेडचा पर्याय देत नाही आणि प्रोग्रॅम झकास चालतो. लॅबमध्ये उबुंटू २०.०४ असतं, म्हणजे जीलिबसी २.३१. तिथं तोच कोड लिंक होताना पीथ्रेड-क्रिएट हे थ्रेड तयार करणारं फंक्शन सापडत नाही, 'अनडिफाइन्ड रेफरन्स' असा निरोप येतो आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी धावपळ होते. जीसीसीला उणे चिन्ह लावून पीथ्रेड हा पर्याय नेहमी द्या. नव्या मशीनवर त्यानं काही बिघडत नाही.

दुसरं ठिकाण कारखान्यातलं आणि जास्त महागात पडणारं. नव्या लॅपटॉपवर बांधलेली फाइल पेन ड्राइव्हवरून जुन्या सर्व्हरवर नेली की 'जीलिबसी २.३४ नॉट फाउंड' असा निरोप येतो. प्रोग्रॅममध्ये एकही थ्रेड नसला तरी येतो, कारण मेन फंक्शन सुरू करून देणाऱ्या भागालाच त्या आवृत्तीचं लेबल लागलं आहे. बाहेरून नवी लिबसी आणून जुन्या सर्व्हरवर टाकायच्या फंदात पडू नका. एलएसपासून लॉगिनपर्यंत सगळं तिच्यावर उभं असतं आणि ती बिघडली तर मशीन पुन्हा उभं करताना दिवस जातो. जुनं बांधलेलं नव्यावर चालतं, उलटं चालत नाही. म्हणून ज्या ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालवायचा आहे, त्यांतल्या सगळ्यात जुन्या जीलिबसीवर बांधणी करा. त्यासाठी जुन्या वितरणाचा कंटेनर पुरतो.

तिसरं काम: थ्रेड मोजा आणि त्यांना नावं द्या

प्रोग्रॅम चालू असताना पीएस कमांडला उणे, छोटा ई, मोठा एल आणि छोटा एफ दिलं की प्रत्येक थ्रेडची वेगळी ओळ दिसते. एनएलडब्ल्यूपी या रकान्यात त्या प्रोसेसचे एकूण थ्रेड असतात. हाच आकडा प्रॉक फोल्डरमध्ये प्रोसेस नंबरखालच्या स्टेटस फाइलमध्ये 'थ्रेड्स' या ओळीत असतो. टॉप कमांडला मोठा एच दिला की कोणता थ्रेड सीपीयू खातो आहे ते कळतं.

पण ओळी सगळ्या एकाच नावाच्या दिसल्या तर उपयोग शून्य. प्रत्येक थ्रेड सुरू होताच पीथ्रेड-सेटनेम-एनपीनं त्याला नाव द्या: माग क्रमांक, डेटाबेस, पडदा. नाव रोमन अक्षरांत १५ पर्यंतच ठेवा. त्याहून लांब दिलं तर फंक्शन चूक परत करतं आणि नाव लागत नाही. प्रोग्रॅममध्ये एकच गोष्ट सुधारायला वेळ असेल तर ही सुधारा. रात्री दोनला फोनवर कुणाला स्क्रीन वाचून दाखवायला सांगताना या नावांची किंमत कळते.

चौथं काम: मर्यादा

माग वाढले, थ्रेड वाढले आणि एक दिवस पीथ्रेड-क्रिएटनं 'रिसोर्स टेंपररिली अनअव्हेलेबल' म्हटलं, की लोक रॅम विकत आणतात. बहुतेक वेळा रॅम हे कारण नसतं. हा क्रम धरा:

१. प्रोग्रॅम सिस्टमडीमधून, म्हणजे लिनक्सच्या सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेतून, चालत असेल तर सिस्टमसीटीएल स्टेटसमध्ये टास्क्सची ओळ आणि तिच्या कंसातली मर्यादा बघा. जुन्या वितरणांवर ४,९१५ हा आकडा ओळखीचा होईल. तो ३२,७६८ च्या १५ टक्क्यांतून येतो. वाढवायचा असेल तर सर्व्हिस फाइलमध्ये टास्क्समॅक्स लिहा.

२. युलिमिटला छोटा यू देऊन बघा. नाव प्रोसेसच्या मर्यादेचं असलं तरी लिनक्स तिच्यात त्या युजरचे सगळे थ्रेड मोजतो. एकाच युजरखाली तीन-चार प्रोग्रॅम चालत असतील तर बेरीज तिथं भरते.

३. मग कर्नलच्या थ्रेड्स-मॅक्स आणि पीआयडी-मॅक्स या मर्यादा बघा.

४. हजारो थ्रेड असतील तरच व्हीएम खालचं मॅक्स-मॅप-काउंट. त्याचा जुना ठरलेला आकडा ६५,५३० आहे. प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकला (फंक्शनच्या आतल्या चलांसाठीच्या जागेला) आणि त्याच्या राखण-पानाला मिळून सहसा दोन नोंदी लागतात, म्हणून साधारण ३२ हजारांवर गाडी थांबते.

स्टॅकबद्दल गैरसमज फार आहे. बहुतेक वितरणांत स्टॅकचं युलिमिट ८ एमबी असतं आणि जीलिबसी तोच आकडा प्रत्येक थ्रेडच्या स्टॅकसाठी घेते. पण ते नुसतं पत्त्यांचं आरक्षण असतं. थ्रेड जेवढी पानं खरोखर वापरतो तेवढीच रॅम जाते. ६४ बिट मशीनवर काळजीचं कारण नाही. ३२ बिट मशीनवर मात्र ३ जीबी पत्त्यांत ८ एमबीचे ३८४ स्टॅकसुद्धा पूर्ण मावत नाहीत, कारण प्रोग्रॅमलाही जागा हवी असते. अशा जुन्या मशीनवर पीथ्रेड-ॲटर-सेटस्टॅकसाइझनं ५१२ केबी वगैरे द्या.

मसलमध्ये नेमका उलटा प्रश्न येतो. तिथं ठरलेला स्टॅक १२८ केबी असतो. फंक्शनच्या आत दोन लाख बाइटचा बफर घेणारा जुना कोड डेबियनवर निमूट चालतो आणि अल्पाइनच्या कंटेनरमध्ये सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडतो. इमेज लहान होते म्हणून अल्पाइनवर जाणाऱ्यांनी स्टॅकचा आकार आपण होऊन ठरवून द्यावा.

पाचवं काम: अडकलेला प्रोग्रॅम मारण्याआधी त्याचा जबाब घ्या

प्रोग्रॅम गप्प बसला की पहिली प्रतिक्रिया रीस्टार्टची असते. पाळी चालू असते, सुपरवायझर डोक्यावर उभा असतो, हे मला माहीत आहे. पण रीस्टार्ट केला की पुरावा गेला. जीडीबी या डीबगरला बॅच पर्याय देऊन, उणे पी आणि प्रोसेस नंबर देऊन, 'थ्रेड अप्लाय ऑल बीटी' ही आज्ञा चालवा आणि उत्तर फाइलमध्ये घ्या. काही सेकंदांचं काम आहे. उबुंटूवर त्यासाठी सुडो लागतो. मग खुशाल रीस्टार्ट करा. वेळ असेल तर त्याआधी जीकोर कमांडनं पूर्ण कोअर फाइल, म्हणजे प्रोग्रॅमच्या मेमरीची प्रत, काढून ठेवा.

आता ती फाइल कशी वाचायची ते बघू. समजा १४ क्रमांकाचा थ्रेड आहे, नाव माग-१२. त्याच्या यादीत सगळ्यात वर फ्युटेक्सवर थांबल्याची ओळ असते, तिच्याखाली लॉक-वेट, मग पीथ्रेड-म्युटेक्स-लॉक आणि मग तुमचं स्वतःचं फंक्शन, समजा नोंद लिहिणारं. म्हणजे हा लॉकसाठी थांबला आहे. कुणासाठी? कोअर फाइल जीडीबीत उघडा, तुमच्या फंक्शनच्या फ्रेमवर जा आणि तो म्युटेक्स, म्हणजे लॉकच, प्रिंट करा. त्यात ओनर नावाची जागा असते. समजा तिथं २१८७३ आहे. हा लॉक धरून बसलेल्या थ्रेडचा कर्नलमधला नंबर. 'इन्फो थ्रेड्स' दिलं की एलडब्ल्यूपी २१८७३ म्हणजे डेटाबेसचा थ्रेड हे कळतं. त्याच्या यादीत तोही पीथ्रेड-म्युटेक्स-लॉकमध्येच थांबलेला असतो, पडद्याच्या लॉकसाठी. त्या लॉकचा ओनर बघितला तर तो माग-१२ निघतो. एकानं रांगेचा लॉक मागितला पडद्याचा धरून, दुसऱ्यानं पडद्याचा मागितला रांगेचा धरून. यात लायब्ररीचा दोष काडीचा नाही. दोन लॉक घ्यायचा क्रम सगळ्या प्रोग्रॅमभर एकच ठरवा, प्रश्न मिटतो.

अशा जागा आधीच शोधायच्या असतील तर जीसीसीच्या एफ-सॅनिटाइझ पर्यायात थ्रेड देऊन वेगळी बांधणी करा आणि तपासणीच्या मशीनवर चालवा. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट हळू होतो, पण दोन थ्रेड एकाच जागी लॉकशिवाय लिहीत असतील तर ओळ क्रमांकासकट दाखवतो. उबुंटू २४.०४ सारख्या नव्या सिस्टिमवर तो सुरू होतानाच 'अनएक्स्पेक्टेड मेमरी मॅपिंग' म्हणून थांबला, तर सिससीटीएल कमांडनं व्हीएम खालचं एममॅप-आरएनडी-बिट्स २८ करा. व्हॅलग्राइंडमधलं हेलग्राइंडही आहे. पुन्हा कंपाइल न करता चालतं, पण फारच हळू.

सहावं काम: कुणीच लॉक धरलेला नाही, तरी सगळे झोपलेले

हा प्रकार सगळ्यात अवघड आहे आणि सेंटओएस ७ वरून पुढं जाणाऱ्यांनी तो नीट समजून घ्यायलाच हवा.

लक्षण असं: रांगेत नोंदी पडलेल्या आहेत, म्युटेक्स मोकळा आहे आणि काम करणारे थ्रेड मात्र पीथ्रेड-कॉन्ड-वेटमध्ये, म्हणजे इशाऱ्याची वाट बघत, झोपलेले. इशारा दिला गेला, पण जाग आली नाही.

आधी स्वतःचा कोड तपासा, कारण बहुतेक वेळा चूक तिथंच असते. वेटभोवती इफ आहे की व्हाइल? व्हाइलच हवं, कारण इशाऱ्याशिवायही जाग येऊ शकते. रांगेत नोंद टाकताना लॉक धरला आहे का? वेगवेगळ्या कारणांसाठी थांबलेले थ्रेड एकाच कंडिशन व्हेरिएबलवर (ज्यावर थ्रेड इशाऱ्यासाठी थांबतात त्यावर) आहेत का? तसं असेल तर एकालाच जागं करणारा सिग्नल चुकीच्या थ्रेडला मिळू शकतो, तिथं ब्रॉडकास्ट लागतो.

हे सगळं बरोबर असूनही प्रोग्रॅम अडकत असेल, तर वहीतला आवृत्तीचा आकडा काढा. २०१७ मध्ये जीलिबसी २.२५ मध्ये कंडिशन व्हेरिएबलची नवी रचना आली. तिच्यात थांबलेल्या थ्रेडचे दोन गट असतात, ते आळीपाळीनं वापरले जातात. उशिरा जागा झालेला आधीच्या गटातला थ्रेड नव्या गटासाठीचा इशारा चुकून उचलू शकतो, म्हणून तो परत करायची तजवीज ठेवली होती. खोट त्या तजविजीत होती. वेळ अगदी नेमकी जुळून आली तर इशारा हरवायचा आणि एक थ्रेड कायमचा झोपायचा. २०२० मध्ये ही अडचण २५८४७ या क्रमांकानं नोंदली गेली, पण दुरुस्ती मुख्य प्रवाहात आली ती जानेवारी २०२५ च्या जीलिबसी २.४१ मध्ये.

आता सेंटओएस ७ चा आकडा आठवा: २.१७. त्यात जुनी रचना आहे. डेबियन १२ चा २.३६ मात्र त्या पट्ट्यात येतो. म्हणूनच 'जुन्या सर्व्हरवर कधीच अडकत नव्हता' हे कारखान्यातल्या माणसाचं म्हणणं खरं असू शकतं. त्याला वेड्यात काढू नका. दुरुस्ती जुन्या आवृत्त्यांच्या शाखांतही नेली गेली आहे, म्हणून फक्त आकड्यावर न थांबता तुमच्या वितरणाच्या लिबसी पॅकेजच्या बदल-नोंदींत २५८४७ शोधा. सापडला तर अपडेट करा, विषय संपला.

अपडेट करता येत नसेल तर कॉन्ड-वेटच्या जागी कॉन्ड-टाइम्डवेट घाला, एक-दोन सेकंदांची मुदत द्या आणि मुदत संपली की रांग पुन्हा बघा. इशारा हरवला तरी नोंद दोन सेकंद उशिरा लिहिली जाईल, एवढंच. एक मात्र पाळा. टाइम्डवेट आपण होऊन भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणं चालतं. शेडमध्ये ठेवलेल्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डावर बॅटरीचं घड्याळ बहुधा नसतं. लाइट जाऊन आली की तो जुन्या वेळेवर उठतो आणि नेटवर्क मिळाल्यावर वेळ एकदम पुढं उडी मारते. घड्याळ मागं गेलं तर दोन सेकंदांची मुदत तासांची होऊ शकते. म्हणून कंडिशन व्हेरिएबल बनवतानाच पीथ्रेड-कॉन्डॲटर-सेटक्लॉकनं क्लॉक मोनोटॉनिक द्या आणि मुदतही त्याच घड्याळावरून मोजा. सी प्लस प्लसमध्ये वेट-फॉर वापरत असाल तर जीसीसी १० आणि जीलिबसी २.३० पासून हे आपोआप होतं, त्याआधी नाही.

फ्रीबीएसडीवर असाल तर

फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम. आपल्याकडं ती राउटर-फायरवॉलच्या निमित्तानं येते. तिच्या थ्रेड लायब्ररीचा प्रवास लिनक्सपेक्षा लांबचा झाला. आधी लिबसी-आर, मग पाचव्या मालिकेत केएसई, ज्यात बरेच युजर थ्रेड थोड्या कर्नल थ्रेडवर बसवले होते, आणि २००८ च्या ७.० पासून एकास-एक हिशोबाची लिबथर ही ठरलेली लायब्ररी. म्हणजे दोन्हीकडं शेवटी तोच सरळ मार्ग जिंकला. इथं थ्रेड बघायला प्रॉकस्टॅटला छोटा टी द्या. एका प्रोसेसमधल्या थ्रेडची मर्यादा कर्न खालच्या थ्रेड्समध्ये मॅक्स-थ्रेड्स-पर-प्रॉक या नावानं असते आणि लिनक्सच्या सवयीनं आलेल्या माणसाला ती लवकर आडवी येते.

शेवटची पायरी: लॉगमध्ये एक ओळ

प्रोग्रॅम सुरू होताच जीएनयू-गेट-लिबसी-व्हर्जन हे फंक्शन बोलवा आणि त्याचं उत्तर, कर्नलची आवृत्ती, थ्रेडची संख्या आणि स्टॅकचा आकार लॉगच्या पहिल्या ओळीत लिहा. रात्री आपोआप झालेल्या अपडेटनं लिबसी बदलली, तरी चालू प्रोग्रॅम जुनीच प्रत वापरत राहतो. नवी लागू होते ती रीस्टार्टनंतर, कधी कधी कित्येक दिवसांनी, एखाद्या लाइट गेलेल्या दुपारी. तेव्हा प्रोग्रॅम वेगळा वागू लागला तर मागच्या आणि आजच्या पहिल्या ओळी शेजारी ठेवून फरक बघायचा आणि पहिल्या कामापासून तपासणी सुरू करायची.